चढ, भराव आणि रुळाखालची गादी : मॉडेल रेल्वेविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपला की पडवीतली आणि माळ्यावरची लेआउट (टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वे) पुन्हा उघडली जातात, आणि या वेळची बहुतेक पत्रं चढाबद्दलच आहेत. वेगळं माप सांगितलेलं नसेल तिथे एचओ, म्हणजे १:८७ आणि दोन रुळांमध्ये १६.५ मिमी, असं धरून उत्तरं दिली आहेत.

*

प्रश्न : ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर इंग्रजी आठच्या आकारात ट्रॅक टाकला आहे. मध्यावर एक लाइन दुसरीवरून पुलाने जाते. सव्वा मीटरमध्ये १० सेंमी चढ दिला आहे. इंजिन चढावर आलं की चाकं जागच्या जागी फिरतात. इंजिनात शिसं घालून वजन वाढवू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : शिसं घालू नका. सव्वा मीटरला १० सेंमी म्हणजे ८ टक्के, रेल्वेच्या भाषेत साधारण १२ ला १. खऱ्या रेल्वेत बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के आहे आणि तिथेसुद्धा गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. वजन वाढवलंत तर चाकं थोडी जास्त पकडतील, पण सगळा ताण मोटरवर येईल आणि ती तापून जळेल.

आधी ओढीचा हिशेब पाहा. एचओ इंजिन साधारणपणे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी ओढ देतं. ४०० ग्रॅमचं इंजिन असेल तर ८० ग्रॅम. १५० ग्रॅमच्या डब्याची चाकं चांगली मोकळी फिरत असतील तर सपाटीवर वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ३ ग्रॅम ओढ लागते. चढाचे टक्के त्यात जसेच्या तसे मिळवायचे. वळणाचा भार वेगळा असतो. तो काढायला ८०० ला वळणाच्या मिमीतल्या त्रिज्येने भागायचं, म्हणजे टक्के मिळतात. तुमची त्रिज्या ५०० मिमी धरली तर १.६ टक्के. तेव्हा ८ टक्क्यांच्या चढावर प्रत्येक डबा मागतो ११.६ टक्के, म्हणजे सतरा-साडेसतरा ग्रॅम. इंजिनाला स्वतःला वर न्यायलाच ३२ ग्रॅम खर्ची पडतात. उरलेल्या ४८ ग्रॅममध्ये दोनच डबे येतात. सपाट, सरळ लाइनीवर हेच इंजिन पंचवीसेक डबे ओढेल.

आता उंची किती हवी ते बघू. खालच्या रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत ७५ मिमी मोकळे लागतात. विजेच्या तारा दाखवायच्या असतील तर ९० धरा. त्यावर १२ मिमी प्लाय, रुळाखालच्या गादीचा ५ मिमी कॉर्क आणि रूळ-स्लीपरचे ३-४ मिमी. एकूण ९५ मिमी. पुलाच्या भागात प्लाय काढून पातळ ॲल्युमिनियमची पट्टी टाकली आणि ट्रॅक थेट तिच्यावर बसवला (स्लीपर प्लास्टिकचे असतील तर शॉर्टसर्किटची भीती नाही), तर काम ८५ मध्ये होतं. त्या १० मिमीची किंमत पुढच्या आकड्यांत दिसेल.

५०० मिमी त्रिज्येचा आठ ८ बाय ४ वर बसवला की पूर्ण फेरी सुमारे ६.६ मीटरची होते. खालच्या क्रॉसिंगपासून पुलापर्यंत ३.३ मीटर. दोन्ही टोकांना २०-२० सेंमी सपाट ठेवा. चढ सुरू होताना आणि संपताना ४०-४० सेंमीचं उभं वळण (सपाटी आणि चढ यांना सावकाश जोडणारा बाक) द्यायचं असतं, त्या भागात चढ निम्माच मिळतो, म्हणून आणखी ४० सेंमीची लांबी वाया जाते. हातात उरतात अडीच मीटर. ९५ मिमीला ३.८ टक्के, ८५ मिमीला ३.४ टक्के. ३.४ वर तेच इंजिन सहा डबे नेईल. त्या आकारात त्याहून कमी चढ बसतच नाही.

‘वरची लाइन अर्धी चढवतो, खालची अर्धी उतरवतो’ असा विचार मनात येईल. दोन स्वतंत्र लाइनींमध्ये तो उपाय उत्तम आहे, अंतर निम्म्यावर येतं. आठच्या आकारात मात्र चढणारी आणि उतरणारी लाइन एकच आहे आणि तिची सगळी लांबी आपण आधीच वापरली आहे, त्यामुळे तिथे काहीही सुटत नाही. सहा डब्यांत भागत नसेल तर एन मापाचा विचार करा. १:१६० ला मोकळी उंची ४५ मिमी पुरते, पातळ पुलासह एकूण ५५ मिमी, आणि चढ २.२ टक्क्यांवर येतो. ५०० मिमीचं वळणही तिथे ऐसपैस वाटतं.

*

प्रश्न : चढासाठी दर फुटावर वाढत्या उंचीचे लाकडी ठोकळे ठेवले आणि त्यांवर प्लायच्या पट्ट्या जोडल्या. चढ ३ टक्केच आहे, तरी माथ्यावर डबे सुटतात आणि पायथ्याशी इंजिनाचा पुढचा भाग रुळाला घासतो. – एक वाचक, गुहागर

उत्तर : तुमचा चढ बरोबर आहे, चूक त्याच्या दोन टोकांना आहे. सपाट पट्टीला ३ टक्क्यांची पट्टी जोडली की जोडावर कोन तयार होतो. माथ्यावर एका डब्याचं टोक वर आणि दुसऱ्याचं खाली जातं आणि डबे जोडणारे कपलर एकमेकांवरून निसटतात. पायथ्याशी उलट होतं : पुढची चाकं चढावर, मागची सपाटीवर, म्हणून इंजिनाचं पुढचं अंग खाली टेकतं. सहा चाकांच्या बोगीचं (म्हणजे खालच्या वळत्या चाकगाड्याचं) इंजिन असेल तर मधली चाकं अधांतरी राहतात, करंट तुटतो आणि इंजिन गचका देतं. लांब एलएचबी (नव्या धाटणीचा प्रवासी) डबा एचओत २७ सेंमीचा होतो. इतक्या लांब डब्याला कोपरा सहन होत नाही.

तुकडे जोडण्याऐवजी अखंड प्लायमधून पट्टी कापून तीच वर उचला. १२ मिमी प्लायवर ट्रॅकची मध्यरेषा आखा, दोन्ही बाजूंना ३०-३० मिमी सोडून जिगसॉने कापा. जिथून चढ सुरू होतो तिथे पट्टीचं टोक मूळ प्लायला जोडलेलंच राहू द्या. मग खालून आधार देत उचलत गेलात की प्लाय स्वतःच सावकाश वाकतो आणि चढाच्या सुरुवातीचं उभं वळण फुकट मिळतं. सुताराकडून कापून घेणार असाल तर त्याला ते टोक पेन्सिलने ठळक दाखवा. नाहीतर तो सवयीने पट्टी पूर्ण मोकळी करून देईल आणि या पद्धतीचा फायदाच जाईल.

३ टक्क्यांसाठी आधारांच्या उंच्या अशा येतात. चढ जिथे सुरू होतो तिथून २० सेंमीवर १.५ मिमी, ४० सेंमीवर ६ मिमी. तिथून पुढे सरळ चढ, दर ४० सेंमीला १२ मिमी : १८, ३०, ४२, ५४. माथ्याजवळच्या शेवटच्या ४० सेंमीत पुन्हा फक्त ६ मिमी वाढ द्यायची, त्यातले साडेचार पहिल्या २० सेंमीत आणि दीड शेवटच्या. लांब डबे चालवायचे असतील तर दोन्हीकडचं उभं वळण ६० सेंमीचं करा. १२ मिमी प्लायला दर ३० ते ४० सेंमीवर आधार पुरतो, ९ मिमीला २० ते २५ वर हवा, नाहीतर दोन आधारांमध्ये झोळ येतो.

आधार लगेच स्क्रूने पक्के करू नका. फ्रेमच्या पट्टीला क्लॅम्पने पकडा, माप बघा, वरखाली करा. मापासाठी अर्ध्या मीटरची पाणसळ घ्या आणि तिच्या एका टोकाला खालून १५ मिमी जाडीचा लाकडाचा तुकडा टेपने चिकटवा. तुकड्याचं टोक उताराकडे ठेवून ती ट्रॅकवर टेकवा. बुडबुडा मध्यावर आला की चढ बरोबर ३ टक्के. बुडबुडा चढाकडे सरकला तर चढ जास्त आहे. २ टक्क्यांसाठी तुकडा १० मिमीचा करायचा. उभ्या वळणाच्या भागात हे माप लागू नाही, तिथे वर दिलेल्या उंच्या मोजपट्टीने मोजा. दर आधारावर छोटी पाणसळ आडवीही ठेवून बघा. ट्रॅकच्या आडव्या वळणावर वर उचललेली पट्टी हमखास एका अंगाला पिळते, आणि पिळलेल्या ट्रॅकवरून डबे का पडतात हे रुळांकडे नुसतं बघून कळत नाही.

पट्टीला जोड द्यावाच लागला तर तो सरळ चढाच्या मध्यावर द्या, खालून २० सेंमीचा ९ मिमी प्लाय सरस लावून स्क्रूने बसवा. चढाच्या टोकांवर जोडही नको आणि पॉइंटही (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर नेणारा सांधाही) नको. पॉइंट सपाटीवर हवा किंवा पूर्णपणे एकसारख्या चढावर.

पहिला आधार मोजण्याआधी मूळ फ्रेम समपातळीत आहे ना, हे बघा. जुन्या घरातली कोब्याची किंवा शेणाने सारवलेली जमीन खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सहज दीड-दोन सेंमी उतरती असते. त्यासाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळीच सगळ्यात भरवशाची. नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही एवढी खात्री करा आणि फ्रेमचे चारही कोपरे तिने लावून घ्या.

*

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये ट्रॅक टाकला, तेव्हा सगळं नीट होतं. मार्चमध्ये दोन ठिकाणी रूळ बाजूला फुगून वाकडे झाले. उन्हाने रूळ वाढले म्हणायचे, तर खोलीत ऊन येतच नाही. कॉर्कवरही पांढरी बुरशी आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रूळ वाढलेले नाहीत, त्यांच्याखालचं लाकूड आक्रसलं आहे. निकेल सिल्व्हरचा ५ मीटर रूळ १५ अंशांच्या फरकाने जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढतो. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंती चिऱ्याच्या, आणि ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब. त्या दिवसांत लाकूड फुगलेलं असतं. ऑक्टोबरपासून ते सुकत जातं. न रंगवलेला प्लायसुद्धा मीटरमागे एखादा मिलिमीटर कमी होऊ शकतो आणि साध्या फळीचं आडव्या रेषेत याहून कितीतरी जास्त होतं. म्हणजे पाच मीटरच्या फेरीत रुळांची पाचेक मिलिमीटर लांबी उरली. ती बाजूला फुगण्याखेरीज जाणार कुठे?

यासाठी ट्रॅक पावसाळ्यात कधीच टाकू नये. डिसेंबर ते मे हा काळ योग्य. त्या काळात टाकलेल्या ट्रॅकचे जोड पावसाळ्यात थोडे उघडतात, पण रूळ वाकत नाहीत. तुमचा ट्रॅक आता उघडून बसवणार असाल तर सरळ भागातल्या प्रत्येक जोडावर जाड व्हिजिटिंग कार्डाइतकी फट ठेवा. वळणावरचे जोड मात्र सोल्डर करून अखंड करा, तिथे फट ठेवली की रूळ कोनात उभे राहतात. चढाच्या टोकांवरही फट नको. फट ठेवलेल्या जोडाच्या दोन्ही बाजूंना खालून वायर सोल्डर करून वीज द्या. खारट हवेत रूळ जोडणारा जॉइनर आतून काळा पडतो आणि त्याच्यावर विजेसाठी विसंबता येत नाही. लोखंडी रुळांचा ट्रॅक स्वस्त मिळतो, पण किनाऱ्यावर घेऊ नका, एका पावसात गंजतो. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या.

प्लायवरचा शिक्का बघून घ्या. आयएस (भारतीय मानक) ७१० म्हणजे मरीन, तो उत्तम. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) चालतो, एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) नको. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) तर अजिबात नको, त्याची कड एकदा ओली झाली की पावासारखी फुगते. आणि शिक्का कोणताही असला तरी कापलेल्या कडा उघड्या ठेवायच्या नाहीत, कारण ओल तिथूनच शिरते. कडांना पातळ केलेल्या वुड प्रायमरचे दोन हात, मग वर, खाली आणि कडांना ऑइल पेंट. फक्त वरून रंगवलेला प्लाय पत्रावळीसारखा वाकतो, कारण खालची बाजू ओल घेत राहते आणि वरची घेत नाही. फ्रेमला लाकूड घ्यायचं असेल तर जुनं, मुरलेलं शिवण किंवा सागवान घ्या. शिवण हलकं असतं आणि कमी पिळतं.

बुरशी धरलेला कॉर्क काढून टाका. नवा ५ मिमीचा कॉर्क प्लाय रंगवून पूर्ण सुकल्यावर पाण्याला टिकणाऱ्या सरसाने चिकटवा. त्याचे ट्रॅकच्या मध्यरेषेवर भेटणारे दोन अरुंद पट्टे कापा. वळणावर अरुंद पट्टा सहज वळतो, रुंद पट्टा बाहेरच्या कडेला फाटतो. बाहेरची कड ४५ अंशांत तिरकी कापा, म्हणजे खडीचा उतार आपोआप येतो. कॉर्कवर विटा ठेवून एक दिवस दाबा, मग लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून वरून एकदा हलका घासा. दोन पट्ट्यांच्या जोडावरचा अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा हाताला लागत नाही, पण चाकाला लागतो. चपलेच्या सोलसारखा ईव्हीए फोम गादीसाठी वापरू नका. तो दबतो, इंजिन गेलं की ट्रॅक खालीवर होतो आणि वरची खडी सुटत जाते.

लेआउट भिंतीपासून निदान १५ सेंमी लांब ठेवा आणि पावसाळ्यात प्लास्टिकने झाकू नका. आतली ओल आतच राहते. जुनी सुती चादर पुरते.

*

प्रश्न : चढासाठी थर्माकोलचे उतरते तुकडे कापले आणि रबराच्या पिवळ्या सरसाने चिकटवले, तर थर्माकोल विरघळून गेला. पांढऱ्या फेविकॉलने चिकटवला तर आठ दिवस ओलाच. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : पिवळ्या सरसात थर्माकोल विरघळवणारं द्रावण असतं, तो वापरायचाच नाही. पांढरा सरस पाणी उडून सुकतो आणि थर्माकोल व रंगवलेला प्लाय यांच्यामध्ये पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. थर्माकोलला सुईने दर दोन सेंमीवर आरपार भोकं पाडा, सरस पूर्ण पसरवण्याऐवजी बोटभर रुंद रेघांत लावा, वर वजन ठेवा आणि तीन दिवस हात लावू नका. मात्र पांढरा दाणेदार थर्माकोल दबतो, त्याच्या चढावर कायमचा ट्रॅक टाकणं मला पटत नाही. छताच्या उष्णतारोधनासाठी मिळणारी घट्ट, दाणे नसलेली रंगीत फोम शीट घ्या आणि थर्माकोल डोंगरांसाठी ठेवा.

*

प्रश्न : खडी म्हणून समुद्रावरची वाळू चाळून टाकली तर चालेल का? घरापासून किनारा पाच मिनिटांवर आहे. – एक वाचक, देवगड

उत्तर : नाही. वाळूत मीठ असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि रुळांखाली कायम दमटपणा राहतो. दुसरी अडचण आपल्या किनाऱ्याची खास आहे. इथल्या वाळूत काळे जड कण असतात. त्यांत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटसारखी लोहाची खनिजं आहेत. इंजिनाच्या मोटरमध्ये लोहचुंबक असतो. तो रुळांवरून जाता जाता हे कण ओढून घेतो, ते गिअरच्या ग्रीजमध्ये बसतात आणि दात झिजवतात.

क्रशरवरची काळ्या दगडाची कच आणा. खऱ्या लाइनीवरच्या खडीचा मोठ्यात मोठा दगड ६५ मिमीच्या आसपास असतो, १:८७ ला तो पाऊण मिलिमीटर होतो. तेव्हा रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील तेवढीच कच ठेवा. ती धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. काळ्या दगडातही मॅग्नेटाइट असतो, म्हणून जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कचेतून चार-पाच वेळा फिरवा. पिशवीला चिकटलेलं बाजूला झटका. पिशवी कोरी निघू लागली की कच वापरायला तयार.

पसरताना ती स्लीपरच्या माथ्याच्या किंचित खाली राहील असं मऊ ब्रशने सारखं करा. आधी पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब घालून फवारा मारा, मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. कोरड्या कचेवर थेट सरस सोडला तर त्याच्या गोळ्या होतात. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ सरस नको. चढावर काम खालून वर करत जा, कारण वरून सोडलेला सरस ओघळून पायथ्याशी जमतो.

*

प्रश्न : मला रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल एचओमध्ये करायचा आहे. कोकण रेल्वेवर चढ किती असतात? पुलापर्यंत लाइन वर कशी न्यायची? – इयत्ता नववीतला वाचक, राजापूर

उत्तर : तू निवडलेला पूल ६४ मीटर उंच आणि सुमारे ४२४ मीटर लांब आहे. ८७ ने भागलंस तर उंची ७३.६ सेंमी आणि लांबी ४.९ मीटर येते. कोकण रेल्वे १५० ला १ या कमाल चढाने आखली आहे. तुझ्या लेआउटवर ते मीटरमागे फक्त ६.७ मिमी. वळणंही कमीत कमी १२५० मीटर त्रिज्येची, म्हणजे एचओत १४ मीटरच्या वर. इतकी त्रिज्या कुणाच्याच घरात मावत नाही, तिथे तडजोड कर. चढात तडजोड करायची गरज नाही.

लाइन वर न्यायचीच नाही. कोकणात डोंगर आणि दऱ्या वरखाली होतात, रूळ जवळपास एका पातळीत जातात. डोंगर आला की बोगदा, टेकडी आली की कटिंग, दरी आली की पूल. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा त्यासाठीच आहे. तू ट्रॅक सगळीकडे एकाच उंचीवर ठेव आणि पुलाच्या जागी टेबलाची फ्रेमच खाली उतरव. टेबल जमिनीपासून ११० सेंमीवर असेल तर पुलाखालच्या भागाची फळी ३५ सेंमीवर बसव, नदी तिच्यावर कर.

जागा कमी असेल तर लांबी निम्मी कर, उंची मात्र दोन-तृतीयांशाच्या खाली आणू नकोस. त्या पुलाचा सगळा भाव उंचीत आहे. पुलाचा पट्टा ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपवर बसव, तो पावसाळ्यात वाकणार नाही. खांब आधी उभे करून त्यांच्यावर पाइप टेकवत बसू नकोस. पाइप दोन्ही टोकांना टेबलावर पक्का कर, पाणसळ लाव, आणि मग प्रत्येक खांब खालून मोजून, त्या जागेपुरता कापून, पाइपला जेमतेम टेकेल असा बसव.